पाच महिन्यांच्या लेकीची करंगळी उलगडत नाही, बोट सरळ धरून ठेवणाऱ्या स्प्लिंटचा कुणाला अनुभव?

ओवीची आई, इचलकरंजी
लेकीच्या उजव्या हाताची करंगळी मधल्या सांध्यात आत वळलेली आहे. आधी मूठ मिटलेलीच असायची, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. मालीशवाल्या मावशींनी दाखवलं: तेल लावताना बाकीची बोटं उलगडतात, ही अर्ध्यावर अडते. दुखत नसावं, धरलं तरी रडत नाही. मावशी रोज ओढून सरळ करू बघतात. सासूबाईंचं एकच, "ग्रहणात भाजी चिरलीस ना, मग!" बालरोगतज्ज्ञांनी कॅम्प्टोडॅक्टिली (बोट आत वळलेलं राहणं) लिहून हँड सर्जनकडे पाठवलंय, नंबर पुढच्या मंगळवारचा. ऑपरेशनच करतात का हो? झोप उडालीये.

बोटभर
माझ्या दोन्ही करंगळ्या जन्मापासून वाकड्या, अनामिकेकडे कललेल्या. चाळिशी आली, काही अडलं नाही. सोडून द्या.

मुग्धा, ठाणे
बोटभर, तुमचं वेगळं. बाजूला कलतं ती क्लिनोडॅक्टिली. त्यात बहुतेकदा मधल्या पेराचं हाडच पाचरीसारखं असतं, म्हणून पट्ट्या बांधून उपयोग नसतो. कल फार असेल आणि बोटं एकमेकांवर चढत असतील तरच ऑपरेशन. ओवीचं बोट तळहाताकडे वळलंय. तिथे हाड नाही, आतली कातडी आणि स्नायूंच्या दोऱ्या आखूड असतात, आणि तान्हेपणी त्या ताणल्या जातात. "सोडून द्या" म्हणू नका हो.

माझ्या मुलाची डावी करंगळी अशीच होती. चौथ्या महिन्यात मोजली तेव्हा वाक ४० अंश. सर्जननी ऑपरेशनचं नावही काढलं नाही, सरळ हँड थेरपिस्टकडे धाडलं. तिने पांढरं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून त्याच्या हातावरच आकार दिला, वर वेल्क्रो. रात्रभर आणि दुपारच्या झोपेत घालायचं. पहिले आठ दिवस तो दर वेळी काढून चोखत बसायचा, मग वरून मोजा चढवला. काढल्यावर कातडीवर लाल वळ राहतो का बघायचं. अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट सैल करून घ्यायचं. हात वाढतो तसं नवीन करावं लागतं, आमची चार झाली. त्यातलं एक मीच घालवलं, दुधाच्या बाटल्यांबरोबर उकळायला टाकलं आणि आंबोळी बाहेर काढली!

ताण देणंही थेरपिस्टने शिकवलं: हळू सरळ करायचं, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचं, दर वेळी दूध पाजताना. हिसका नाही. मावशींना आजच थांबवा. दीड वर्षाचा झाला तेव्हा १५ अंशांवर आलं. आता सात वर्षांचा आहे, बॅट धरतो. उंची झपाट्याने वाढते त्या वयात बोट पुन्हा वळू शकतं, म्हणून वर्षातून एकदा मोजून आणतो.

ऑपरेशन असतं, पण स्प्लिंटने भागलं नाही आणि वाक कामात आड येत असेल तर. आणि त्यानंतरही बोट पूर्ण सरळ होईलच असं नाही, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं.

ग्रहणाचं मनावर घेऊ नका. घरातल्या सगळ्यांना तळहात टेबलावर पालथा ठेवायला सांगा. हे घराण्यात असू शकतं.

ओवीची आई, इचलकरंजी
मुग्धाताई, जाऊन आले. सर्जननी तिचं मनगट आत वळवून बघितलं, तसं केल्यावर करंगळी जरा जास्त उघडते. म्हणाले, आतली दोरी आखूड आहे. ३५ अंश भरलं. स्प्लिंट सोमवारी मिळेल, मोजे आणून ठेवलेत. मावशी आता ते बोट सोडून मालीश करतात, थोड्या रुसल्यात.

टेबलाचा प्रयोग काल रात्री जेवणानंतर केला. मामंजींच्या उजव्या करंगळीखालून ओवीच्या बाबांनी पेन्सिल सरकवली, आरपार गेली. सासूबाई बघतच राहिल्या. "मला वाटायचं, कप धरायची ढब आहे यांची," म्हणाल्या, आणि ताटं उचलायला उठल्या.