मँचेस्टर युनायटेडच्या मॅनेजर मोरिन्योचं आता काय करायचं? (लिव्हरपूलवाले येणारच आहेत, या, पण मुद्द्यावर बोला)

लालभाई_कोथरूड
१७ डिसेंबर २०१८, रात्री १२:४०

झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. लिव्हरपूलकडून ३-१ हरलो. त्यांच्या ॲनफील्ड मैदानावर हरण्याचं मला इतकं काही वाटत नाही, तिथं भलेभले हरतात, पण ३६ शॉट्स खाल्ले राव, आणि आपण मारले ६. त्यांच्या गोलकीपरच्या, ॲलिसनच्या हातातून बॉल सुटला म्हणून लिंगार्डला एक गोल मिळाला, नाहीतर तेवढाही नव्हता. पहिला गोल बघा, फॅबिन्योने वरून अलगद बॉल टाकला, मानेने छातीवर घेतला आणि मारला, आणि आपले पाच डिफेंडर एकमेकांकडे बघत उभे. पाच! हाफटाइमला दालोला काढून फेलाइनी. ८९ मिलियन पौंडांचा पोग्बा पूर्ण मॅच बेंचवर जॅकेट घालून बसला.

आत्ताची परिस्थिती अशी की १७ मॅच, २६ पॉइंट, सहावा नंबर, गोल मारले २९ आणि खाल्ले पण २९. मागच्या अख्ख्या सीझनमध्ये ३८ मॅचला मिळून २८ खाल्ले होते, यंदा डिसेंबरातच त्याच्या पुढे गेलो. ज्या माणसाला डिफेन्सचा बाप म्हणायचे त्याची टीम आहे ही.

आमच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो समरमध्ये त्याने सेंटर बॅक (मधला डिफेंडर) मागितला, मॅग्वायर काय आल्डरवेरेल्ड काय, क्लबचा कारभार बघणाऱ्या वूडवर्डने एकही दिला नाही, मग त्याने काय करायचं. दुसरा म्हणतो अडीच वर्षांत इतका पैसा ओतला आणि अजून लांब बॉल मारून लुकाकूच्या डोक्यावर फेकतोय, हा माणूस २००५ मध्येच राहिलाय. मी अजून कुठल्याच तटात नाही. युरोपा लीग जिंकून दिली ते मी विसरलेलो नाही. तुम्हाला काय वाटतं?

कॉप_ठाणेकर
१७ डिसेंबर, रात्री १:०५

आलो. मुद्द्यावरच बोलतो.

आमचा शकिरी. स्टोक रेलिगेट झाली (खालच्या लीगमध्ये गेली) तिथून १३ मिलियनला उचलला. ७० व्या मिनिटाला आला आणि दहा मिनिटांत दोन टाकले. (डिफ्लेक्शन होतं वगैरे सांगू नका, ३६ वेळा मारल्यावर एखाद-दोन कुणाला तरी लागून जाणारच.) रॉबर्टसन, हल रेलिगेट झाली तिथून ८ मिलियन. तुमचाच मॅनेजर मॅचनंतर म्हणाला की रॉबर्टसनला नुसतं बघून मला दमायला होतं. म्हणजे त्याला दिसतंय सगळं! आपला फुलबॅक (कडेचा डिफेंडर) तसा का पळत नाही, त्याला पळायला सांगतं कोण, हे त्याला विचारावंसं वाटत नाही.

आणि सेंटर बॅकचं रडगाणं बंद करा. बेली त्यानेच आणला, ३० मिलियन. लिंडेलॉफ त्यानेच आणला, ३१. दोन मिक्सर आणले, दोन्ही नीट चालवता येईनात, आता म्हणतो तिसरा आणा. आज हेच दोघं खेळले की.

बाकी आमच्या लोकांनी आज काय गाणं म्हटलं ऐकलंत ना? मोरिन्योला काढू नका म्हणून. मनापासून म्हणत होते.

लालभाई_कोथरूड
रात्री १:१४

ऐकलं. टीव्हीचा आवाज बंद केला मी.

पण भाऊ तुम्ही व्हॅन डाइकला ७५ दिले, ॲलिसनला ६५ च्या वर दिले, आणि आम्हाला पैशांवरून शिकवताय? आणि तुमचा मॅनेजर क्लॉप येऊन तीन वर्षं झाली, कप कुठंय? तीन फायनल, तीन हार. आमच्याने पहिल्याच वर्षात लीग कप आणि युरोपा आणली.

कॉप_ठाणेकर
रात्री १:२२

दिले ना, कुटिन्योला विकून बार्सिलोनाकडून १४० च्या घरात घेतले तेव्हा दिले. एक विकला आणि ज्या दोन जागा गळत होत्या त्या बुजवल्या. तुम्ही सांचेझ घेतला. लेफ्टला मार्शियल आणि रॅशफर्ड दोघं असताना, तिसरा लेफ्टवालाच घेतला, तोही आठवड्याचा पगार ऐकून चक्कर येईल असा. का घेतला? मँचेस्टर सिटी घेत होती म्हणून. याला शॉपिंग म्हणतात, प्लॅनिंग नाही म्हणत.

कपाचं बोलू नका, मे महिन्यात लीग संपली की बोलू. टॉपला कोण आहे बघा.

लालभाई_कोथरूड
रात्री १:२४

१९९० ला शेवटची लीग जिंकलात, तेव्हापासून मे महिन्यातच बोलतोय आपण.

ब्लूज_डोंबिवली
१७ डिसेंबर, सकाळी ९:५०

लोकलमध्ये उभ्या उभ्या टाइप करतोय, चुका समजून घ्या.

आज तारीख काय? १७ डिसेंबर. बरोबर तीन वर्षांपूर्वी, १७ डिसेंबर २०१५ ला, आम्ही चेल्सीवाल्यांनी ह्याच माणसाला काढला. आदल्या मे मध्ये चॅम्पियन आणि डिसेंबरमध्ये १६ वा नंबर, १६ पैकी ९ मॅच हरलेलो. त्यामुळे तुमची ही थर्ड सीझनची गोष्ट आम्ही पाहून बसलोय. आधी प्रेसमध्ये प्लेअरवर बोलणार, मग एका स्टारशी वाजणार (तुमचा पोग्बा, आमच्यात तर डॉक्टरशी पण वाजलं), मग टीम मैदानात चालत फिरणार.

पण एक सांगतो, त्याला नुसता बस पार्क करणारा (सगळी टीम गोलसमोर उभी करणारा) म्हणणाऱ्यांनी २००४-०५ ची चेल्सी पाहिलेली नाही. ३८ मॅचला १५ गोल खाल्ले, ९५ पॉइंट. तेव्हा इंग्लंडात बहुतेक जण सरळ ४-४-२ खेळायचे, ह्याने मधे तिसरा माणूस घातला, मागे माकेलेले उभा केला, समोरच्या दोघांना आमचे तीन सापडायचेच नाहीत. बॉल काढला की डफ आणि रॉबेन सुटायचे. त्या काळात हे नवीन होतं हो. नंतर रियल माद्रिदला १२१ गोल मारून १०० पॉइंटने लीग जिंकली, ती पण ह्याचीच टीम. तेव्हा अटॅक येत नाही असं नाही.

मग बिघडलं कुठं? माझ्या मते जग बदललं बॉल गेल्यानंतरच्या पाच सेकंदांत. क्लॉप, सिटीचा ग्वार्डिओला, टॉटनहॅमचा पोचेटिनो, सगळ्यांच्या टीम बॉल गेला रे गेला की तिथंच तुटून पडतात. मोरिन्योची टीम बॉल गेला की मागे पळते आणि आपल्या बॉक्ससमोर रांग लावते. पूर्वी ती रांग लावून भागायचं कारण समोरचे क्रॉस मारत बसायचे. आता समोरचे दोन्ही फुलबॅक विंगर होऊन येतात, मधल्या फटीत तीन जण उभे राहतात, आणि तुम्ही एकदा मागे गेलात की बाहेरच येता येत नाही. काल दुसऱ्या हाफला तेच झालं. क्लिअर केलेला प्रत्येक बॉल परत. लुकाकू एकटा पुढे, त्याच्या जवळचा आपला माणूस तीस यार्ड लांब, तो बॉल धरून ठेवणार कुणासाठी?

अटॅकचं पण तसंच. तो अटॅक बसवून देत नाही, प्लेअरनी तिथल्या तिथं सुचेल ते करावं अशी त्याची पद्धत आहे. हझार्ड, रोनाल्डो, ड्रोग्बा असले की सुचतं.

(आणि हो, डी ब्रॉयना आणि सलाह दोघंही आमच्याकडे होते, दोघांना ह्यानेच बेंचवर बसवलं, दोघंही गेले. लुकाकूला तर त्याच्या काळात २८ ला विकला आणि नंतर तुम्हाला ७५ ला घ्यायला लावला. ह्यावर मी जास्त बोलत नाही, सकाळी सकाळी बीपी वाढतं.)

रांगडा_कोल्हापूर
सकाळी १०:३०

लै मोठं लिवलंय भावा पण खरं लिवलंय.

आमच्यात शाहू स्टेडियमला पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच आसली आन् कोण आसं पाच जण मागं लावून उभा राह्यला तर गॅलरीतनं शिव्या सुरू हुत्यात, मग समोर कोण का आसंना. हरा पण खेळा की रं. काल टीव्ही बघताना आमचे म्हातारे युनायटेडवालेच उठून जेवाय गेले, साठाव्या मिनिटाला.

सॅलफर्डचा_पाहुणा
१७ डिसेंबर, दुपारी ३:१५

मी कामासाठी इथं मँचेस्टरला असतो, ऑफिसात निम्मे सिटीवाले निम्मे आपले, त्यामुळे सोमवार सकाळ कशी गेली ते विचारू नका.

इथल्या जुन्या युनायटेडवाल्यांचा राग मात्र मोरिन्योपेक्षा मालकांवर जास्त आहे. ऑगस्टमध्ये टॉटनहॅमने घरी येऊन ३-० मारलं तेव्हासुद्धा मॅच संपल्यावर तो आपल्या स्ट्रेटफर्ड एंड गॅलरीसमोर जाऊन टाळ्या वाजवत उभा राहिला आणि लोकांनी त्याला साथ दिली. ग्लेझरांनी २००५ मध्ये क्लब घेतला तो कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. प्लेअर कोणता घ्यायचा हे ठरवायला फुटबॉल डायरेक्टर नाही, वूडवर्ड मूळचा बँकेतला. आधीचा मॅनेजर व्हॅन खालला एक प्रकारचे प्लेअर आणून दिले, मोरिन्योला दुसऱ्या प्रकारचे, आता तिसरा आला की तो म्हणणार मला हे नकोत.

मला सगळ्यात न पटलेली गोष्ट ही की याच वर्षी जानेवारीत त्याचं काँट्रॅक्ट २०२० पर्यंत वाढवलं. कुणी मागितलं होतं? मार्चमध्ये सेव्हियाने घरात हरवून चॅम्पियन्स लीगबाहेर काढलं आणि हा प्रेससमोर बारा मिनिटं क्लबचा इतिहास सांगत बसला की इथं हे नवीन नाही. मग समरमध्ये बोर्डाला अचानक वाटलं की ह्याच्या पसंतीवर पैसे लावणं धोक्याचं आहे, म्हणून सेंटर बॅक नाही. अरे मग जानेवारीत सही कशाला केलीत? विश्वास असेल तर माणूस हवा तो द्या, नसेल तर मे मध्येच निरोप द्या. ह्यांनी फ्रेड, दालो आणि तिसरा गोलकीपर घेऊन दिला आणि अर्धा सीझन जाळला.

पण मैदानातल्या गोष्टीला हे कारण पुरत नाही, हेही तितकंच खरं. वेस्ट हॅमला मॅकटॉमिनेला डिफेन्समध्ये खेळवला, टॉटनहॅमविरुद्ध हेरेराला. प्रत्येक मॅचला नवीन फॉर्मेशन. माझा अंदाज आहे की त्याचा असिस्टंट रुई फारिया गेला तिथं मोठं भोक पडलं. २००१ पासून सोबत होता तो, ट्रेनिंगचं सगळं त्याच्या हातात, यंदाच्या मे मध्ये सोडून गेला. हे फार कुणी बोलत नाही.

कॉप_ठाणेकर
दुपारी ३:४०

रुई फारियाचा पॉइंट चांगला आहे. मला हे सुचलं नव्हतं.

पण साहेब, ग्लेझर वाईट, वूडवर्ड वाईट, मान्य. तरी पोग्बा, लुकाकू, मॅटिच, मार्शियल, रॅशफर्ड, गोलमध्ये डे हेया, एवढ्या सामानात ६ शॉट? पोचेटिनोला समरमध्ये एकही प्लेअर मिळाला नाही, एकही नाही, आणि त्याने तुम्हाला तुमच्याच घरात तीन मारले.

लालभाई_कोथरूड
दुपारी ४:०२

हे मात्र लागलं.

ठीक आहे, मी तट निवडला. बोर्ड नालायक आहेच, पण बोर्डाला कुणी संडेला टीम लावायला सांगत नाही. ज्याच्याकडे बॉल पुढे नेणारा एकच मिडफिल्डर आहे आणि तो त्याला भांडणापायी बेंचवर बसवतो, त्याला सेंटर बॅक देऊन काय उपयोग. मागच्या सीझनला सेकंड आलो ते डे हेयाच्या जिवावर आलो, यंदा डे हेया माणसासारखा खेळतोय तर खरं रूप दिसलं.

युव्हेंटसला त्यांच्या घरात हरवलं होतं गेल्या महिन्यात, तेव्हा कानाला हात लावून फिरत होता. मला वाटलं होतं सुधारणार.

गनर_नाशिक
संध्याकाळी ६:१०

काल आम्ही आर्सेनलवाले साउथहॅम्प्टनकडून हरलो, २२ मॅच न हरण्याची रन गेली, आणि त्यावर अख्ख्या नेटवर एक धागा नाही. तुमच्यामुळे. आभारी आहे.

ब्लूज_डोंबिवली
१८ डिसेंबर, दुपारी ३:२५

गेला!!! आत्ता क्लबने जाहीर केलं. तारीख एका दिवसाने चुकवली लेकाने.

लालभाई_कोथरूड
दुपारी ३:३१

पाहिलं. मीटिंगमध्ये होतो, टेबलाखालून पाहिलं. सीझन संपेपर्यंत कुणीतरी केअरटेकर (तात्पुरता मॅनेजर) आणणार म्हणतायत. आनंद व्हायला हवा होता, झाला पण, पण काँट्रॅक्ट २०२० पर्यंतचं आहे म्हणजे भरपाई तगडी द्यावी लागणार. आणि ती सही करणारा वूडवर्ड तिथंच बसलाय, पुढचा मॅनेजर पण तोच निवडणार.

कॉप_ठाणेकर
दुपारी ३:३३

वूडवर्डला काढू नका.

रांगडा_कोल्हापूर
दुपारी ३:५०

🤣🤣 लालभाई, शनवारी कार्डिफसंगं मॅच हाय, आता तरी चार जण पुढं पाठवा म्हनावं.