क्रोने सर्कस आणि 'आम्ही फक्त खेळ करणारी माणसं' : हे कारण पुरतं का?

हाकरब्र्युकेवाला :
मागच्या हिवाळ्यात लेकीला घेऊन क्रोनेचा खेळ बघून आलो. म्युनिकमध्ये हाकरब्र्युके स्टेशनवरून चालत गेलं की त्यांची पक्की इमारत लागते, नाताळात खेळ सुरू होतात ते मार्चअखेरपर्यंत, मग तंबू घेऊन जर्मनीभर फिरायला बाहेर. खेळ छानच होता, लेक अजून घोड्यांबद्दल बोलते. घरी आल्यावर मात्र मी त्या घराण्याचा इतिहास वाचत बसलो आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात अडकलीये.

आधी थोडक्यात घराणं सांगतो. कार्ल क्रोनेच्या वडिलांकडे प्राण्यांच्या पिंजरागाड्या होत्या, जत्रांमधून फिरायच्या. मुलाने १९०५ मध्ये ब्रेमेनला त्याची सर्कस केली, तेव्हा नाव 'सर्कस चार्ल्स'. बायको इडा 'मिस चार्ल्स' म्हणून सिंहांच्या पिंजऱ्यात शिरायची. १९१९ च्या मे महिन्यात म्युनिकला लाकडी इमारत उभी राहिली आणि पुढच्या काही वर्षांत एका तंबूत तीन रिंगणं मांडून खेळ करण्यापर्यंत मजल गेली. कार्ल १९४३ ला गेला, डिसेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात इमारत जळाली, युद्धानंतर पुन्हा बांधली, मग १९६२ मध्ये आत्ताची.

आता मुद्दा. ३ फेब्रुवारी १९२१ ला याच इमारतीत हिटलरची सभा झाली, सहा हजारांवर माणसं. तोपर्यंत तो बियरच्या हॉलमधून बोलायचा, एवढा मोठा हॉल भरला नाही तर फजिती होईल अशी त्याला स्वतःलाच धास्ती होती. हॉल भरला, आणि मग तो तिथे परत परत आला. म्हणजे हा लहान पक्ष नाही हे गावाला दिसलं ते सर्कशीच्या रिंगणातून. 'आम्ही खेळ करणारी माणसं, आम्हाला राजकारणाशी काय' हे कारण मला पटत नाही. भाडं घेतलं की त्या संध्याकाळचा वाटा आपल्याकडे येतोच. घराण्याचा इतिहास सांगताना ही सभा हत्तींच्या आणि घोड्यांच्या बरोबरीने सांगायला हवी असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

पागेवाला सांगली :
दादा, पूर्ण असहमत. तुम्ही १९३३ आणि १९४५ माहीत असून १९२१ कडे बघताय. तेव्हा तो एका शहरातल्या एका पक्षाचा भाषणबाज पुढारी होता. शहरात एवढं मोठं छप्पर मोजकंच, म्हणून सभांना तो हॉल भाड्याने जायचा. सर्कसवाल्याने प्रत्येकाचा जाहीरनामा वाचून हॉल द्यायचा का?

आणि पोटाचं गणित बघा. सर्कस हा असा धंदा आहे की तिकीट विकलं नाही तरी खर्च थांबत नाही. एका मोठ्या हत्तीला दिवसाला शंभर किलोच्या वर चारा लागतो, सिंहाला मटण लागतं, घोड्याला खरारा करणारा माणूस लागतो आणि त्या माणसाला पगार. पाऊस पडला, खेळ रद्द झाला, तरी संध्याकाळी सगळे तोंड उघडून बसलेले. त्यात ते महायुद्धानंतरचं जर्मनी, १९२३ ला तर मार्कची किंमत कागदाएवढीही राहिली नाही. अशा वेळी रिकामा हॉल ठेवून तत्त्व सांभाळायचं हे आपण आज खुर्चीत बसून म्हणतोय. मी अशा तालुक्यातला आहे जिथे पूर्वी घरटी एक जण कुठल्यातरी सर्कशीत होता, म्हणून हे मनापासून लिहितोय.

शर्मिला त. :
मला वाटतं दोघेही एकाच घराण्यावर अडून बसलात. जर्मनीतच अजून एक सर्कस घराणं आहे, आल्टहोफ. पिढ्यान्‌पिढ्या याच धंद्यातलं. त्यातल्या आडोल्फ आल्टहोफची गोष्ट वाचा आणि मग पोटाच्या गणिताबद्दल बोलूया.

१९४१ चा उन्हाळा, सर्कस डार्मश्टाटजवळ मुक्कामाला. इरेने डानर नावाची अठरा वर्षांची मुलगी खेळ बघायला येते. तिच्या आईचं माहेर लोर्श, ते पण जुनं सर्कस घराणं, पण ज्यू, आणि त्यांची सर्कस तोवर बुडालेली. तिला आल्टहोफने खोट्या नावाने कामाला घेतलं, ती कोण आहे हे माहीत असून. तिथे पेटर बेंटो या जोकरवर तिचं प्रेम बसलं, ज्यू आणि बिगर-ज्यूंच्या लग्नाला बंदी घालणाऱ्या नाझींच्या न्यूरेंबर्ग कायद्याने लग्न शक्य नव्हतं, युद्धातच त्यांना दोन मुलगे झाले. तिची आजी छावणीत नेली गेली तेव्हा आई आणि बहीण पण सर्कशीतच येऊन राहिल्या. वडील ज्यू नव्हते, जर्मन सैन्यात होते, बायकोला सोडा म्हणून त्यांना रजेवर पाठवलं तर ते सोडायच्या ऐवजी तेही सर्कशीत आले. एवढं अख्खं कुटुंब तंबूच्या गाड्यांमध्ये लपलेलं, आणि सर्कस मात्र रोज हजारो लोकांसमोर खेळ करतेय. गेस्टापोची, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांची, माणसं येणार असं कळलं की आडोल्फ त्यांना बसवून दारू पाजायचा, गप्पा मारायचा, आणि इकडे निरोप जायचा, 'आज मासे पकडायला जा'. निरोप मिळाला की ही मंडळी गायब.

त्याला पण हत्ती होते हो काका. चारा त्यालाही लागायचा.

पागेवाला सांगली :
शर्मिलाताई, आल्टहोफपुढे मी हात जोडतो, त्याबद्दल वाद नाही. पण एका शूर माणसाला मोजपट्टी करून बाकी सगळ्यांना आखूड ठरवायचं हे मला चालत नाही. आणि दोन गोष्टी सारख्या नाहीत. १९४१ ला काय चाललंय हे समोर दिसत होतं, दारात पोलीस होते. १९२१ ला हॉल भाड्याने देणाऱ्यासमोर तसं काही नव्हतं.

हाकरब्र्युकेवाला :
काका, समोर नव्हतं हे बरोबर नाही. तो ज्यूंविरुद्ध बोलतो हे म्युनिकमध्ये १९२० पासूनच सगळ्यांना माहीत होतं, पक्षाचा जाहीरनामा छापील होता, त्या सभेसाठी ट्रकवर झेंडे लावून गावभर पत्रकं वाटली होती. पहिली सभा मी एकवेळ सोडून देईन. पण नंतरच्या? ज्याने आधी काय बोललं ते ऐकलंय त्याला परत दार उघडून देणं याला 'माहीत नव्हतं' म्हणता येत नाही.

पण तुमचा एक मुद्दा घेतो. आल्टहोफ ही मोजपट्टी सगळ्यांना लावणं जड आहे. मी गुन्हेगार म्हणत नाहीये, मी म्हणतोय की हे पान फाडू नका.

घोडेस्वार निमा :
विषय थोडा वळवते. तुम्ही सगळे कार्लवर थांबलात, पण हे घराणं टिकवलं ते मुलींनी. आधीचं रेंत्स घराणं बघा, एर्न्स्ट रेंत्सने बर्लिन, हॅम्बुर्ग, व्हिएन्ना, ब्रेस्लाउला पक्क्या इमारती बांधल्या, घोड्यांच्या खेळात त्याला तोड नव्हती, तो १८९२ ला गेला आणि मुलाने १८९७ ला सर्कस बंद केली. पाच वर्षांत संपलं. क्रोनेंना मुलगी होती, फ्रीडा. तिने आणि नवरा कार्ल झेम्बाखने जळालेल्या इमारतीच्या जागी पुन्हा उभं केलं. मग तिची मुलगी क्रिस्टेल, जिने आयुष्य घोड्यांबरोबर काढलं, लगाम न लावता घोड्यांचा अख्खा कळप एका आवाजावर फिरवणारी बाई. तिने दत्तक मुलीकडे, याना मंदानाकडे सगळं सोपवलं आणि २०१७ ला गेली. यानाचा नवरा मार्टिन लेसी सिंहांबरोबर काम करतो. आजोबाने काय केलं याचं ओझं नातीच्या दत्तक मुलीवर का टाकायचं?

ओंकार, बेलगाव :
निमाताई, नातीवर नको टाकूया पण आजच्या प्रश्नावर तरी बोलूया. मला जुन्या सभेपेक्षा हे जास्त खुपतं की अजून सिंह रिंगणात आहेत. आपल्याकडे सिंह, वाघ, बिबटे, अस्वलं, माकडं सर्कशीतून काढायची अधिसूचना १९९८ ला निघाली, सुप्रीम कोर्टाने २००१ ला ती उचलून धरली. जर्मनीत वरच्या सभागृहाने २००३ पासून तीनदा बंदीची मागणी केली, तरी देशभराची बंदी नाही. आणि परत तेच वाक्य, आमची परंपरा आहे, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करतो. परंपरा म्हटलं की कुठलाच प्रश्न विचारायचा नाही का?

घोडेस्वार निमा :
प्रश्न जरूर विचारा. पण म्युनिकबाहेर वेस्लिंगला क्रोनेची शेती आहे, म्हातारे प्राणी तिथे मरेपर्यंत सांभाळतात, हेही सांगा ना. आपल्याकडे बंदी आली तेव्हा ते वाघ-सिंह रेस्क्यू सेंटरमध्ये गेले, ठीक आहे, पण त्यांच्याबरोबर वाढलेल्या माणसांचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. दामू धोत्र्यांसारखा पुण्याचा माणूस वाघ-बिबट्यांचे खेळ घेऊन युरोपात आणि १९४० मध्ये अमेरिकेत रिंगलिंगच्या सर्कशीपर्यंत पोचला, ती विद्याच गेली.

पागेवाला सांगली :
निमा, तू दामूअण्णांचं नाव काढलंस म्हणून लिहितो. आमच्याकडे विष्णुपंत छत्र्यांची सर्कस १८८० ला सुरू झाली, किआरिनी नावाच्या इटालियनची सर्कस मुंबईत बघून. पुढे देवल, कार्लेकर अशी नावं. किती टिकली? घराणं म्हणून सव्वाशे वर्षं एका धंद्यात राहणं काय असतं हे आम्हाला कळतं, म्हणून मी क्रोनेंच्या बाजूने बोलतोय. पण हाकरब्र्युकेवाला म्हणतो तेही आता पटतंय थोडं. छत्र्यांबद्दल लिहिताना आम्ही गौरवच लिहितो. त्यांच्या तंबूत प्राण्यांना काय झालं, पोरांना कसं शिकवलं, हे कुणी लिहिलं नाही. ते लिहायला हवं होतं.

हाकरब्र्युकेवाला :
काका, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही माझ्यापेक्षा नीट म्हणालात. अजून एक नाव सांगायचं राहिलं होतं. ड्रेस्डेनचा सारासानी, हा माणूस महाराजाच्या पोशाखात हत्तींचा खेळ करायचा, १९१२ ला त्याने तिथे पक्की इमारत बांधली. त्याच्याकडे ज्यू आणि परदेशी कलावंत काम करतात म्हणून नाझींनी त्याला त्रास दिला, तो १९३४ ला सर्कस घेऊन दक्षिण अमेरिकेला गेला आणि तिथेच साव पावलोला वारला. म्हणजे तिसरा रस्ताही होता. त्याची इमारत फेब्रुवारी १९४५ ला ड्रेस्डेनबरोबर जळाली.

शर्मिला त. :
मी परत आल्टहोफकडेच येते, सॉरी. त्यांना आणि बायको मारियाला १९९५ मध्ये याद वाशेमने, म्हणजे ज्यूंच्या हत्याकांडाची आठवण जपणाऱ्या इस्रायलमधल्या संस्थेने, मान दिला, आणि आडोल्फने कारण साधंच सांगितलं, सर्कसवाल्यांना जात-धर्माचा फरक कळत नाही असं काहीसं. पण मला त्यापेक्षा एक आकडा जास्त वाटतो. त्या सर्कशीत नव्वदच्या आसपास कामगार आणि त्यांची कुटुंबं होती. इरेने आणि तिची माणसं कोण आहेत हे त्यातल्या कितीतरी जणांना कळलं असणार, एकाच तंबूत जेवतात, कपडे वाळत घालतात, मुलं खेळतात. मासे पकडायला जा हा निरोप पोचवायला कुणीतरी लागतंच ना. क्रोनेच्या हॉलमध्येही ३ फेब्रुवारीला खुर्च्या लावणारे, दिवे पेटवणारे लोक असतीलच. पागेवाले काका, तुम्ही आयुष्यभर तंबू लावणाऱ्या लोकांमध्ये राहिलात, तुम्हीच सांगा, मालक काय करतो हे पागेतल्या माणसाला आधी कळतं की नंतर?

पागेवाला सांगली :
आधी कळतं, ताई. नेहमी आधी.