पणजोबा खंडाळ्याच्या घाटात रेल्वेत होते, नोंद कुठे शोधू?

मृणाल_मावळ
आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलेय, "पणजोबांनी खंडाळ्याचा घाट बांधला." ते १९६१ साली गेले, वय साठीच्या आसपास. आजीने त्यांचा पितळी बिल्ला जपून ठेवलाय. त्यावर जी. आय. पी. (म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) अशी अक्षरं आणि खाली नंबर. आजी सांगते, ते कामाला लागले तेव्हा गाडी घाटात थांबून उलट्या दिशेने निघायची, पुढे ते बंद झालं. पण घाट तर १८६३ चा ना? मग पणजोबांनी नेमकं काय केलं? आणि अशा माणसांची नावं कुठे मिळतात?

दफ्तरखाना
मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. रेल्वेच्या बांधकामाचा सरकारी पत्रव्यवहार तिथे बघता येईल. पण मजुरांची नावं मिळतील अशी आशा कमीच ठेवा.

चावीवाला_कर्जत
मृणालताई, आजीचं बोलणं अगदी पक्कं आहे. उलटी फिरणारी गाडी म्हणजे रिव्हर्सिंग स्टेशन. चढ ३७ ला १ इतका खडा, वळायला जागा नाही, म्हणून गाडी तिथे थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचे. १९२९ मध्ये नवीन बोगदे काढून मार्ग बदलला आणि रिव्हर्सिंग गेलं. त्याच सुमारास घाटात विजेची गाडीही आली. तुमचे पणजोबा या काळातले. घाट दुसऱ्यांदा बांधला गेला असंच म्हणा ना, घरचं बोलणं खोटं ठरत नाही.

पहिल्या बांधकामाबद्दलही सांगतो, कारण ती माणसं कुणाच्या बोलण्यात येत नाहीत. काम १८५६ ला सुरू झालं. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. मजुरीवरून १८५९ च्या जानेवारीत मजूर उठले, दंगल झाली, पुढे त्याने काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल आला आणि त्याच वर्षी आजारपणात गेला. त्याच्या बायकोने, ॲलिसने, कंत्राट हातात ठेवून दोन इंजिनिअरांकडून काम तडीस नेलं. १८६१ साली ४२ हजारांवर माणसं कामावर होती. बायका-पोरं पाट्या वाहायची, पुरुष कड्यावरून दोराला लटकून काळ्या पाषाणात सुरुंगाची भोकं पाडायचे. पावसाळ्यात काम बंद, माणसं गावी परत. पटकीने किती गेले त्याचा कुणी नीट हिशेबच ठेवला नाही. ट्रेडवेलबाईंचं नाव राहिलं आणि ते राहायलाच हवं. पण त्या पाट्या वाहणाऱ्या बायांपैकी एकीचंही नाव कुठे वाचायला मिळत नाही, याची मला फार खंत आहे.

मी स्वतः घाटात कीमन होतो. आमच्यात चावीवाला म्हणतात. पहाटे हातोडा, पाना, लाल-हिरवी झेंडी, फटाके (धोका दिसला की रुळावर लावायचे) घेऊन निघायचं आणि आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा. सैल चावी (रूळ जागेवर घट्ट धरणारा लोखंडी तुकडा) ठोकताना आवाज बोदा येतो, घट्ट बसली की खणखणीत. कानाला सवय झाली की मान वर करूनही कळतं. माझे वडील त्याच गँगचे मुकादम, त्यांनी मला आधी ऐकायला शिकवलं, ठोकायला नंतर. पावसाळ्याआधी हिल गँगची पोरं अजूनही दोर बांधून कड्यावर उतरतात आणि सैल झालेले धोंडे खाली पाडतात. ट्रेडवेलच्या वेळेला दोर होता, आजही दोरच आहे.

बिल्ल्यावर नंबर आहे म्हणजे पणजोबा कंत्राटदाराचे रोजंदार नसावेत, रेल्वेचे कायम माणूस असावेत. म्हणजे कागद असायला हवेत. सर्व्हिस शीट, म्हणजे नोकरीची नोंद, बघायची. १९५७ नंतर निवृत्त झाले असतील तर पेन्शनचा कागद, त्याआधी असतील तर पी. एफ.चा. जी. आय. पी. १९२५ ला सरकारकडे आली आणि १९५१ ला मध्य रेल्वेत गेली, त्यामुळे जुनी दप्तरं मुंबई विभागाच्या कार्मिक खात्याकडे मागा. नंबर लिहून अर्ज द्या, लेखी पोच घ्या. आजीला विचारा, ते घाटातल्या कुठल्या केबिनला (सिग्नलच्या चौकीला) होते? ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल?

मृणाल_मावळ
काका, वाचून आजीला फोन केला. "नागनाथ" म्हणाली, लगेच, न आठवता! तिथे पावसात रात्रीच्या गस्तीला कंदील घेऊन जायचे, आणि पणजी त्यांना भाकरी फडक्यात बांधून द्यायची, एवढं तिला पक्कं आठवतंय. बिल्ल्याचा नंबर पुसट आहे, शेवटचे दोन आकडे दिसत नाहीत.

चावीवाला_कर्जत
नागनाथ म्हणजे चढावरचं कॅच सायडिंगचं ठिकाण. उतरणारी गाडी ताब्यात नसली तर तिला बाजूच्या चढत्या रुळावर घालून थांबवायचं. तिथल्या गँगवर जबाबदारी मोठी. नंबर पुसट असेल तर घासू नका, पितळ झिजेल. कागद बिल्ल्यावर ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, आकडे उठतात. मग नाव, वडिलांचं नाव, गाव आणि नागनाथ, एवढं अर्जात द्या. शिपायाला नुसता नंबर दिलात तर तो शोधणार नाही.

दफ्तरखाना
अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि तुमचं नातं दाखवणारा कागद जोडा. नाहीतर पहिल्याच खिडकीवरून परत पाठवतील.