शब्दचर्चा : आपली भाकर ‘जलावर सोड’, म्हणजे नेमकं काय करायचं?

नेरुळवासी :
आमच्या नोडमधली काही कॅथलिक कुटुंबं आणि आमच्यासारखे शेजारीपाजारी मिळून आम्ही रविवारी जेवणाचे डबे वाटतो. त्याचं पत्रक मराठीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. इंग्रजी पत्रकावर बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकातलं वचन आहे (११:१). त्याचा अर्थ होतो, ‘तुझं धान्य समुद्रापार पाठव, बऱ्याच दिवसांनी तुला परतावा मिळू शकेल.’ डब्यांच्या पत्रकावर न्हावा-शेवा बंदराची जाहिरात कशाला, म्हणून मराठी बायबल उघडलं. तिथे भाकर ‘जलावर सोड’ आणि ती पुष्कळ दिवसांनी परत मिळेल. पाण्यात सोडलेली भाकर परत मिळून तिचं करायचं काय? सोप्या मराठीतल्या आणखी एका आवृत्तीत तर भाकरही नाही नि पाणीही नाही. जिथे जाल तिथे चांगलं करा, ते तुमच्याकडे परत येईल, एवढंच. एकाच ओळीची ही तीन रूपं कशी?

वाशी दाणाबाजार :
यात कोडं कसलं? माल पाठवायचा आणि पैशाची वाट बघत बसायचं, आमचा रोजचा धंदा आहे हा. पुढचं वचन वाचा : सात जणांना वाटा दे, आठ जणांनाही दे, कारण पृथ्वीवर काय अरिष्ट येईल हे तुला ठाऊक नाही. सगळा माल एका गाडीत भरू नका, असंच सांगतोय तो. समुद्रापारवालं भाषांतर बरोबर आहे.

टेंभीनाका :
आम्ही बेने इस्रायल, म्हणजे इथले ज्यू, त्यामुळे मूळ हिब्रू ओळीपासून सुरुवात करतो. ‘शल्लह लह्मखा अल-पने हम्मायिम, की बेरोव हय्यामीम तिमत्साएन्नू.’ यातलं लह्म म्हणजे लेहेम. बेथलेहेममधला लेहेम तोच. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. अर्थ भाकरी, आणि त्यावरून एकूण अन्न, आपण ‘पोटाची भाकरी’ म्हणतो तसं. यशया २८:२८ मध्ये मळणीच्या संदर्भात हाच शब्द येतो, तिथे तो उघडच धान्य आहे. म्हणजे दाणाबाजारच्या शेटजींना आधार आहे. इंग्रजी बायबलांपैकी १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात भाकर पाण्यावर ‘टाकली’ जाते. १९७८ च्या ‘न्यू इंटरनॅशनल’मध्येही तसंच होतं, २०११ च्या सुधारित आवृत्तीत तिथे जहाजाने धान्य पाठवणं आलं, तुमच्या पत्रकावर आहे तसं. ‘गुड न्यूज’ या दुसऱ्या भाषांतरवाल्यांनी १९७६ मध्येच ‘परदेशी व्यापारात पैसा गुंतव’ असं करून टाकलं होतं.

जहाज सुचतं त्यालाही कारण आहे. या पुस्तकाचा वक्ता स्वतःला दावीदाचा पुत्र, यरुशलेमचा राजा म्हणवतो, म्हणजे शलमोन डोळ्यांपुढे येतो. आणि १ राजे १०:२२ मध्ये शलमोनाची गलबतं तीन वर्षांतून एकदा सोनं, रुपं, हस्तिदंत, वानरं नि मोर घेऊन परत येतात. (जिथून सोनं यायचं ते ओफीर म्हणजे आपलं सोपारा, असंही एक मत आहे. वसईकरांना सांगितलं की छाती फुगते त्यांची.)

पण माझं मन तिकडे जात नाही, आणि त्याला कारण क्रियापद. ‘शल्लह’ म्हणजे पाठव, सोड, जाऊ दे. मोशे इजिप्तच्या राजाला, फारोला, ‘माझ्या लोकांना जाऊ दे’ हा निरोप सांगतो तिथे हेच क्रियापद आहे. महापुरात नोहा तारवातून कबुतर सोडतो तिथेही हेच. खाली सगळीकडे पाणी, हातातून सोडलेलं पाखरू, आणि ते परत येतं. फेकण्यासाठी हिब्रूत वेगळं क्रियापद आहे, तेव्हा किंग जेम्सचं ‘टाक’ जरा जास्तच जोरात झालं. मराठीचं ‘सोड’ मला सगळ्यांत जवळचं वाटतं. होडीही सोडतात, दिवाही सोडतात, हक्कही सोडतात.

घणसोली आगरी :
दादा, आमच्याकडे खाजणात रहू टाकायचे. मोड आलेलं भात चिखलपाण्यात फोकून द्यायचं. परक्या माणसाला वाटेल, खायचं धान्य पाण्यात घालवतात. हाती येतं ते दिवाळीच्या आगेमागे. तुमचा उपदेशक शेतकरी नसेल कशावरून?

टेंभीनाका :
छान! पुराच्या पाण्यावर बी टाकण्याचा अर्थ जुन्या टीकाकारांनीही लावला आहे. पण याच अध्यायात सहाव्या वचनात ‘सकाळी आपलं बी पेर’ असं आहे आणि तिथे बीजासाठीचा नेहमीचा शब्द, ‘झेरा’, वापरलाय. तो शब्द हाताशी असताना पहिल्या वचनात लेहेम कशाला लिहील?

नौपाडा :
नेरुळवासी, तुमचा गोंधळ मराठीमुळे वाढलाय असं मला वाटतं. पाण्याजवळ ‘सोड’ आलं की आपल्या कानात ‘उदक सोडणे’ वाजतं. दान देताना हातावरून पाणी सोडलं की त्या वस्तूवरचा हक्क संपला. ‘त्या पैशांवर पाणी सोड’ म्हणतो तेव्हा तर ते बुडालेच. म्हणून ओळीचा पहिला अर्धा भाग आपण पटकन दान समजतो आणि दुसऱ्या अर्ध्या भागात अडखळतो. ‘नेकी कर दरिया में डाल’ मध्येही विसरून जाण्यावरच भर आहे.

टेंभीनाका :
‘नेकी कर’ची आठवण काढलीत ते बरं केलंत. आंखशेशोंक नावाच्या पुरोहिताच्या नावावर एक जुना इजिप्शियन उपदेशसंग्रह आहे. त्यातलं एक वचन साधारण असं : सत्कर्म कर आणि ते पाण्यात टाक, पाणी आटलं की ते तुला सापडेल. त्याची पोथी टॉलेमींच्या, म्हणजे इजिप्तवरच्या ग्रीक राजांच्या काळातली, आणि बहुतेक अभ्यासक उपदेशकही त्याच सुमाराचा मानतात. शेजारीशेजारी दोन देश, आणि दोन्हीकडे पाण्यात सोडलेलं सापडतंय. आपल्या ओळीतल्या ‘तिमत्साएन्नू’चा अर्थही ‘तुला ते सापडेल’ असाच. नफा कमावला जातो, थकबाकी वसूल होते. सापडते ती वस्तू आपण जिचा हिशेब ठेवलेला नसतो. अकराव्या शतकातल्या राशी या ज्यू भाष्यकारानेही दानाचाच अर्थ घेतला : जो पुन्हा कधी भेटणार नाही त्याचंही भलं कर, पाण्यावर अन्न सोडावं तसं. शिवाय दुसऱ्या वचनात ‘वाटा दे’ आहे. शेटजी, तुम्ही माल सात गाड्यांत ‘भरता’, सात जणांना ‘देत’ नाही.

वाशी दाणाबाजार :
उधारी बघितलीत तर देतोच म्हणावं लागेल. पण मुद्दा मान्य, निम्मा. अरिष्टाचं बोलणं मात्र व्यापाऱ्याचंच वाटतं.

नेरुळवासी :
सगळ्यांचे आभार. पत्रकावर असं घेतो : ‘आपली भाकर पाण्यावर सोड, पुष्कळ दिवसांनी ती तुला सापडेल. सात-आठ जणांना वाटा दे.’ चालेल?

नौपाडा :
पहिली ओळ उत्तम. ‘सात-आठ’ नको. मराठीत सात-आठ म्हणजे अंदाजे तेवढेच, नवव्याला डबा नाही. हिब्रूत आकडा सांगून लगेच त्याच्या पुढचा आकडा सांगायची लकब आहे. बायबलमधल्या आमोस या पुस्तकात ‘तीन अपराधांमुळे, चार अपराधांमुळे’ असं पुन्हापुन्हा येतं, ते मोजायला नव्हे. इथेही कितीही जणांना दे, हात आखडू नको, असा रोख आहे. ‘सात जणांना वाटा दे, आठवा आला तर त्यालाही दे’ असं लिहा.