नाशिकमध्ये मानसिक आजाराच्या कुटुंबीयांचा स्थानिक गट सुरू करायचा आहे : सल्ला हवा

पाथर्डी_फाटा :

नमस्कार. सिडको आणि इंदिरानगर परिसरातील आम्ही काही कुटुंबे गेल्या वर्षभरापासून अधूनमधून भेटत आहोत. आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी कोणाला तरी दीर्घकाळचा मानसिक आजार आहे. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, इतरांकडे बायपोलर (मनःस्थितीत टोकाचे चढउतार होण्याचा आजार) आणि तीव्र नैराश्य आहे, आणि एका घरी मंत्रचळ (ओसीडी) आहे. ओळखी झाल्या त्या दवाखान्यातल्या बाकांवर, नंबर लागण्याची वाट पाहताना. आता या भेटींना थोडे रीतसर रूप द्यावे, महिन्यातून एक बैठक घ्यावी, वस्तीत या आजारांविषयी माहिती पोहोचवावी आणि प्रमाणपत्रे, विमा, उपचार यांबाबत एकत्रितपणे पाठपुरावा करावा, असे आमच्या मनात आहे.

अडचण अशी की सुरुवात कोठून करावी, यावर आमचे एकमत होत नाही. काहींचे म्हणणे आहे की १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाला एखादे मोठे सभागृह घेऊन नामवंत डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे, म्हणजे लोक जोडले जातील. काहींना आधी संस्थेची नोंदणी हवी आहे. एका सदस्याने ध्यानधारणेने नैराश्य मुळापासून बरे करण्याचा दावा करणाऱ्या एका वक्त्याचे नाव सुचवले आहे आणि त्यावर थोडी कटुताही आली. ज्यांनी असे काम जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. कोणाकडून शिकावे, आणि काय टाळावे?

निवृत्त_समाजसेविका :

मी शासकीय रुग्णालयात मनोविकार विभागाची समाजसेविका म्हणून बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

व्याख्यानाने सुरुवात करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या सभागृहात जी माणसे येतात, त्यांतली बहुतेक स्वतःच्या घरातल्या आजारासाठी आलेली असतात, पण शेजारी ओळखीचे कोणी बसले असेल या धास्तीने एकही प्रश्न विचारत नाहीत, आणि विचारलाच तर ‘माझ्या एका मित्राच्या बाबतीत’ अशी सुरुवात करतात. वक्त्याचे भाषण चांगले होते, टाळ्या पडतात, आणि ज्या आईला मुलाने गोळ्या थुंकून टाकल्यावर काय करायचे हे विचारायचे होते, ती तशीच घरी जाते. याउलट बंद दाराआड, पंधरा-वीस माणसांच्या बैठकीत तोच प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात निघतो आणि त्याचे उत्तर द्यायला चार अनुभवी घरे समोर बसलेली असतात.

बैठकीत नुसते दुःख सांगणे होऊ नये यासाठी पहिल्या काही महिन्यांचे विषय ठरवून घ्या. आजार म्हणजे नेमके काय, हा एक. दुसरा औषधांचा, आणि तो घाईत उरकू नका. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बायपोलरवरचे लिथियम चालू असेल तर ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते. स्किझोफ्रेनियावरचे क्लोझापिन चालू असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवावे लागते. आणि ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे हे आजार उलटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. ‘सगळ्या झोपेच्याच गोळ्या असतात’ हा समज तर सुशिक्षित घरांतही इतका घट्ट आहे की त्यावर एक बैठक खर्ची पडली तरी ती वाया गेली असे समजू नका. तिसरा विषय आजार उलटण्याच्या पूर्वसूचनांचा. झोप कमी होणे, अंघोळ टाळणे, टीव्हीवरचा माणूस आपल्याबद्दलच बोलतो आहे असे वाटणे, अशी प्रत्येकाची स्वतःची चिन्हे असतात आणि ती वहीत लिहून ठेवलेली बरी.

चौथा विषय घरातल्या बोलण्याचा. ज्या घरात रुग्णावर सतत टीका होते, वैताग काढला जातो किंवा उलट त्याला काचेच्या भांड्यासारखे जपले जाते, तेथे स्किझोफ्रेनिया उलटण्याचे प्रमाण अधिक असते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. याचा अर्थ आजार घरच्यांमुळे झाला असा मुळीच नाही, आणि ही गोष्ट आयांना आधी सांगावी लागते. अर्थ एवढाच की घरच्यांचे शिक्षण हाही उपचाराचाच भाग आहे.

शिकायचे कोणाकडून, तर दोन ठिकाणे प्रत्यक्ष पाहून या. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये सुरू केली आणि तिचा पायाच कुटुंबीयांचा आहे. ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच, १९९० पासून काम करते आहे. शुभार्थी आणि शुभंकर, म्हणजे आजाराला तोंड देणारे आणि त्यांची काळजी घेणारे, एकत्र कसे बसतात हे तेथे पाहण्यासारखे आहे. घरात व्यसनाचा प्रश्नही असेल तर पुण्याच्या मुक्तांगणच्या कामाची माहिती घ्या. १९८६ पासून त्यांनी रुग्णाइतकेच कुटुंबालाही महत्त्व दिले आहे.

नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा शासकीय रुग्णालयातला मनोविकार विभाग आणि आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग, या दोन्ही ठिकाणी गटाचे पत्र घेऊन जा. वर्षातून दोन बैठकांना डॉक्टर पाठवावेत एवढीच मागणी करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जनजागृती हे कामच आहे, त्यामुळे तुम्ही उपकार मागत नाही आहात.

त्या वक्त्याबद्दल सांगायचे तर ध्यानाला माझा विरोध नाही, दाव्याला आहे. ‘मुळापासून बरे करतो’ म्हणणाऱ्याला बोलावल्यावर दुसऱ्या दिवशी गटातल्या एकाने जरी गोळ्या सोडल्या, तरी त्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

निफाडकर :

ताईंचे सगळे पटले. फक्त ग्रामीण भागाबद्दल थोडी भर घालतो, कारण तुमचा गट सुरू झाला की निफाड, दिंडोरी, सिन्नरकडची माणसे येणारच.

आमच्याकडे भास होऊ लागले की पहिली फेरी देवऋषीकडे होते आणि दवाखान्याची पाळी येईपर्यंत एखादी द्राक्षबाग गहाण पडलेली असते. अशा कुटुंबाशी बोलताना ‘हे सगळे थोतांड आहे’ असे पहिल्याच वाक्यात सांगू नका. ते उठून जातील. गडावर जायचे असेल तर जा, पण गोळी चुकवू नका, एवढे म्हटले तरी काम होते. मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, चटके देणे किंवा मारहाण करणे चालू असेल तर तेथे गोड बोलण्याचा प्रश्न उरत नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या दोन्ही गोष्टींवर काम केले आहे आणि त्यांच्या ‘मानसमित्र’ उपक्रमातून सामान्य कार्यकर्त्यांना भावनिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण दिले जाते. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी ते जरूर घ्यावे.

आणखी एक गोष्ट नाशिककरांनाच फारशी माहीत नसते. ‘आत्मीयता’ हा गावातल्याच माणसांना मानसिक आधाराचे प्रशिक्षण देणारा प्रकल्प २०१३ ते २०१५ या काळात आपल्या पेठ तालुक्यात ४१ गावांत राबवला गेला, आणि पुढे तो गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर नेला गेला. गावातला विश्वासू माणूस, थोडे प्रशिक्षण, मोबाइलवर दाखवता येतील अशा छोट्या चित्रफिती, आणि गरज पडली की पुढे दवाखान्यात पाठवणे, असे त्याचे स्वरूप होते. पेठच्या पाड्यांवर जे जमले ते सिडकोत जमायला काही हरकत नसावी.

बायपोलर_मी_स्वतः :

वरचे प्रतिसाद चांगले आहेत, पण त्यांत एक माणूस दिसत नाही, आणि तो म्हणजे ज्याला आजार आहे तो.

मी नोकरी करतो, घर चालवतो आणि गोळ्या नियमित घेतो. पूर्वी मी एका शहरातल्या कुटुंबीयांच्या गटात जात असे. तेथे माझ्यासमोर माझ्याबद्दल ‘हा’ म्हणून बोलले जाई. हा जेवत नाही, हा ऐकत नाही. मी जाणे सोडले. त्यामुळे माझी विनंती आहे की पहिल्याच दिवसापासून नियोजनात निम्मी माणसे शुभार्थी असू द्या. काही बैठका फक्त कुटुंबीयांच्या असाव्यात, हे मला मान्य आहे. आईला मोकळेपणाने रडता आले पाहिजे. पण तशाच काही बैठका फक्त आमच्याही असाव्यात.

दुसरे म्हणजे गोपनीयता. बैठकीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, वर्तमानपत्राला देऊ नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही. तुमचा गट रुग्णालय नसला तरी निदान तेवढी शिस्त पाळावी. फलकावर ‘मनोरुग्णांच्या पालकांचा मेळावा’ असे लिहिलेत तर मी तरी त्या दारातून आत येणार नाही.

तिसरी गोष्ट मात्र आनंदाने सुचवतो. त्याच कायद्याने आम्हाला आमचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे गरज पडल्यास उपचारांबाबत आमच्या वतीने बोलणारी व्यक्ती, निवडण्याचा अधिकार दिला आहे. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो, आणि तो केव्हाही बदलता येतो. एक बैठक फक्त यासाठी ठेवा. मी बरा असताना माझ्या बहिणीचे नाव लिहून ठेवले आहे, त्यामुळे पुढे माझे भान सुटले तर कोणाचे ऐकायचे हा वाद घरात होणार नाही.

कोर्टाच्या_वाटेवर :

वकिली करतो, म्हणून कागदपत्रांपुरतेच लिहितो.

नोंदणीची घाई नको. सोसायटी म्हणून नोंदणीला सात सदस्य पुरतात, पण नंतर दरवर्षी हिशेब तपासणी आणि धर्मादाय कार्यालयात कार्यकारिणीतल्या बदलांचे अर्ज यांत दोन उत्साही माणसे कायमची अडकतात. देणगी स्वीकारण्याची वेळ आली की पाहा.

दिव्यांग प्रमाणपत्राबाबत गटाचा खरा उपयोग होईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. मूल्यमापन आयडियाज या मापनपट्टीवर होते, ज्यात स्वतःची काळजी घेणे, इतरांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम, या चार गोष्टी पाहिल्या जातात. आजाराला किती वर्षे झाली तेही धरले जाते. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागते. जुने केसपेपर फेकू नका, कारण आजाराचा काळ त्यावरूनच सिद्ध होतो. ते हरवले असतील तर वैद्यकीय नोंदी मागण्याचा अधिकार कायद्याने रुग्णाला आहे. प्राप्तिकर भरणाऱ्या कुटुंबीयांनी जुन्या करप्रणालीतली दिव्यांग अवलंबितासाठीची वजावटही (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातले कलम ८०डीडी) पाहावी.

एक गल्लत मात्र सतत होते. ‘निरामय’ विमा आणि राष्ट्रीय न्यासाचे कायदेशीर पालकत्व हे १९९९ च्या कायद्याखाली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर त्यात येत नाही. तेव्हा त्या रांगेत दिवस घालवू नका. साध्या आरोग्य विम्याबाबत मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम २१(४) प्रमाणे कंपनीला शारीरिक आजाराच्या धर्तीवरच मानसिक आजारालाही संरक्षण द्यावे लागते. बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच खर्च देतात, त्यामुळे महिन्याच्या गोळ्यांचे पैसे त्यातून निघतील अशी अपेक्षा ठेवू नका.

पाथर्डी_फाटा :

सर्वांचे मनापासून आभार. व्याख्यानाचा बेत आम्ही पुढे ढकलत आहोत आणि त्या वक्त्याचे नाव मागे घेतले आहे. माझा भाऊ नियोजनात येईल का, हे मी काल त्याला विचारले. त्याने ‘चहा असेल तर येईन’ असे सांगितले, ते होकार म्हणून धरत आहे.

एक प्रश्न उरला. रात्री अकरा वाजता एखाद्या घरी प्रसंग उभा राहिला आणि गटातल्या कोणाला फोन आला, तर त्याने काय करावे? याच भीतीने दोन कुटुंबे आपला क्रमांक द्यायला तयार नाहीत.

निवृत्त_समाजसेविका :

त्यांची भीती रास्त आहे, म्हणून गटाने हे पहिल्याच बैठकीत लेखी सांगावे की आपण तातडीची सेवा नाही. क्रमांक देणे ऐच्छिक ठेवा.

प्रत्येक घरात फ्रिजवर चिकटवायचा एक कागद तयार करा. त्यावर टेली-मानस या सरकारी दूरध्वनी समुपदेशन सेवेचा १४४१६ हा क्रमांक हवा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. त्याखाली १०८ (रुग्णवाहिका) आणि ११२ (पोलीस व तातडीची मदत), स्वतःच्या डॉक्टरांचा क्रमांक, चालू गोळ्यांची नावे व मात्रा, आणि नामनिर्देशित प्रतिनिधीचे नाव. आत्महत्येचा धोका वाटत असेल तर माणसाला एकटे सोडू नये, घरातल्या गोळ्या आणि कीटकनाशके कुलपात ठेवावीत, आणि सरळ विचारावे, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. प्रयत्न झालाच असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ११५ प्रमाणे अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते.

जिवाला किंवा इतरांना धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर प्रतिनिधीच्या संमतीने ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. संमतीशिवाय दाखल करण्याची वेळ आली तर दोन स्वतंत्र तपासण्या लागतात आणि पहिली मुदत ३० दिवसांपर्यंतची असते. हे दाखल करणाऱ्या डॉक्टरांना माहीत असते, पण घरच्यांनाही माहीत असेल तर दारात भांडण कमी होते.

बैठकीसाठी जागा म्हणून मंदिराचा सभामंडप किंवा राजकीय कार्यालय घेऊ नका. वाचनालयाची वरची खोली किंवा शाळेचा वर्ग रविवारी दुपारी मिळतो. आत येण्या-जाण्याला दुसरा दरवाजा असेल तर तो वर्ग निवडा, कारण मध्येच उठून बाहेर जावेसे वाटणारी माणसे प्रत्येक बैठकीत असतात आणि त्यांना सगळ्यांसमोरून जावे लागू नये.