मदत हवी आहे: 412 ऑडिओ फाईली, कोणतं गाणं कोणाचं कळत नाही (अर्जंट)

धानकरी: गडचिरोलीतल्या वडशाकडच्या बायांची रोवणीची (भात लावतानाची) गाणी गोळा केली. सगळं पेनड्राइव्हवर आहे पण कोणी गायलं तेच कळेना. सोमवारी यादी द्यायची आहे. आपोआप नावं टाकणारं सॉफ्टवेअर असेल तर सांगा, लेक्चर नको.

जुनंखोड: रेकॉर्ड कशावर केलं? फाईलींची नावं काय आहेत? ज्योतिषी नाही इथं कोणी.

धानकरी: फोनवर, तिघी पोरींनी. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत गेल्या, मी उतरवून घेतलं. नावं एयूडी-20230716-डब्ल्यूए0009 अशी. तारखेवरून गाव कळेल ना?

जुनंखोड: नाही ना राजा. ती तारीख व्हॉट्सॲपवर आल्याची, गायल्याची नाही. बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, रेंज नसते, पोरीनं घरी येऊन तीन गावांचं एकदम ढकललं की तिन्ही एकाच तारखेत. पोरींच्या फोनमध्ये मूळ फाईली आहेत का ते बघ, अन् मागवशील तर डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे चॅटमध्ये तरी मूळ नाव दिसतं.

डिस्कदादा: एकच पेनड्राइव्ह?? 3-2-1 बॅकअप करा. 3 कॉप्या, 2 वेगळ्या साधनांवर, 1 दुसऱ्या गावी. मी तर सगळं डीव्हीडीवर टाकतो.

रातराणी: डीव्हीडी घालायची कुठं दादा, आजकालच्या लॅपटॉपला खाच तरी असते का

डिस्कदादा: बाहेरून लावायचा ड्राइव्ह मिळतो. माझी 2009 ची डीव्हीडी अजून चालते.

संग्राहक: डिजिटल फाईली जपण्यावर काम करणाऱ्या डिजिटल प्रिझर्व्हेशन कोएलिशन या संस्थेचा नोव्हिस टू नो-हाऊ हा ऑनलाइन कोर्स करा, इंग्रजीत आहे. चेकसम (फाईल बदलली का ते ओळखायचा आकडा), मेटाडेटा (फाईलीबद्दलची माहिती) सगळं शिकवतात.

रातराणी: तो बुडून रायला अन् तुम्ही पोहण्याचा क्लास सांगता

टायपिस्ट: कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली फाईल युनिकोडमध्ये कशी करायची?

जुनंखोड: वेगळा धागा काढा बाप्पा. धानकरी, मूळ फाईलींची नावं बदलू नकोस, कॉपीवर काम कर. एक्सेलमध्ये फाईलचं नाव, बाईचं नाव, गाव, कोणी रेकॉर्ड केलं, अन् गाणं बाहेर द्यायला तिची परवानगी आहे का. क्लिपची सुरुवात ऐकली का?

धानकरी: दोन फोन मिळाले, तिसरा रिसेट मारून विकला पोरीनं 😡 पण एक पोरगी दर गाण्याआधी "सांग वो माय, तुयं नाव काय" विचारते, तिच्या 190 निघाल्या. विकलेल्या फोनवाल्या 83 ला काहीच नाही.

जुनंखोड: ती पोरगी जिथं रेकॉर्ड करायला गेली त्या गावांत नेऊन ऐकव. आवाज ओळखतात बाया.

धानकरी: घरीच लावली एक. आई भाकरी टाकता टाकता थांबली, म्हणे ही माही मामी होय, गेल्या साली गेली. आता ती बाकीच्या 82 ऐकल्याशिवाय फोन देत नाही. सोमवारची यादी बोंबलली.