अनुभव धागा : इन्स्टॉलेशन मध्येच अडकतं तेव्हा काय तपासता?

नव्या पेठेतल्या दुकानाचा बिलिंगचा संगणक असो, चिंचोळी एमआयडीसीतली टॉवेलची डिझाइन रूम असो की कॉलेजची लॅब, तक्रार एकाच शब्दात येते : "अडकलंय." पट्टी एका टक्क्यावर उभी, पडद्यावर काही हलत नाही आणि हात सरळ पॉवरच्या बटणाकडे जातो. खरं नुकसान त्या बटणानं होतं. म्हणून सोलापुरात हे काम रोज करणाऱ्यांना इथे लिहायचं आमंत्रण आहे. कोणाकडे काय झालं याची कहाणी नको. काय बघायचं, कोणती कमांड द्यायची, काय बिघडतं आणि का, तेवढं नेमकं लिहा. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या तरी समजतील.

सर्व्हर देखभाल, होटगी रोड

पहिला प्रश्न एकच : प्रोग्राम काम करतोय, कशाची तरी वाट बघतोय, की डिस्कपाशी खोळंबलाय? लिनक्सवर दुसरं टर्मिनल उघडून ‘पीएस ऑक्स’ची यादी काढा आणि ‘स्टॅट’चा रकाना वाचा. ‘आर’ असेल तर काम चालू आहे, हात लावू नका. ‘एस’ म्हणजे तो कशाची तरी वाट बघत झोपलाय. ‘डी’ म्हणजे डिस्ककडून किंवा नेटवर्क ड्राइव्हकडून उत्तर येत नाही. या अवस्थेतला प्रोग्राम सक्तीनं बंद करणारी ‘किल -९’ देऊनही जात नाही. ‘टी’ म्हणजे कोणीतरी कंट्रोल-झेड दाबून थांबवलाय, ‘एफजी’ लिहिलं की पुढे चालतो.

उबुंटूवर सगळ्यात जास्त दिसतं ते "वेटिंग फॉर कॅश लॉक". त्याच ओळीत कुलूप कोणाच्या हातात आहे त्याचा क्रमांक आणि नाव असतं. ते नाव बहुतेक वेळा ‘अनअटेंडेड-अपग्रेड’ असतं, म्हणजे आपोआप उतरणारी सुरक्षा अपडेट्स. हे काम टायमरवर चालतं, आणि मशीन बंद असताना वेळ चुकली तर मशीन चालू केल्यावर थोड्या वेळात सुरू होतं. रात्री मशीन बंद करून जाणाऱ्या ऑफिसात सकाळी पहिल्या तासातच हा अडथळा का येतो, त्याचं कारण हे. तोवर ‘टेल -एफ /व्हार/लॉग/डीपीकेजी.लॉग’ लावून ठेवा. ओळी पुढे सरकत असतील तर वाट बघायची.

कुलपाची फाइल डिलीट करा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो घातक आहे. कुलूप हे फाइल असण्यावर नसतं, चालू प्रोग्रामनं कर्नलकडून, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडून, घेतलेलं असतं. फाइल उडवली तर नवी फाइल तयार होते, तिच्यावर दुसरा प्रोग्राम वेगळं कुलूप मिळवतो आणि दोन डीपीकेजी (पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) एकाच नोंदवहीत एका वेळी लिहू लागतात. प्रोग्राम खरंच मेल्यासारखा असेल तर आधी साधं ‘किल’, त्यानं नाहीच ऐकलं तर ‘-९’, मग ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि शेवटी ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. क्रम हाच.

"अपडेट-इनिटरॅमएफएस : जनरेटिंग" या ओळीवर मात्र कधीही तोडू नका. जुन्या हार्ड डिस्कवर तिथे काही मिनिटं जातात. बूटची फाइल अर्धवट राहिली तर त्या कर्नलवर मशीन उठत नाही. आणि हे सुरू करण्याआधी ‘डीएफ -एच’नं किती जागा उरलीय ते बघा. /बूटचं विभाजन वेगळं असेल तर जुन्या कर्नलांनी ते भरलेलं सापडतं.

कॉलेज लॅब, विजापूर रोड

‘एस’ दिसला की आम्ही आधी लपलेला प्रश्न शोधतो. मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट लिनक्सवर टाकणारं पॅकेज परवान्याचा मजकूर दाखवतं आणि तिथे नुसतं एंटर दाबून काही होत नाही. टॅब दाबून ‘ओके’वर जायचं, मग एंटर. पुढच्या पानावरही टॅबनं ‘येस’ निवडायचं. उबुंटू २२.०४च्या सर्व्हरवर पॅकेज टाकलं की कोणत्या सर्व्हिस पुन्हा सुरू करायच्या, हे विचारणारा जांभळा पडदा येतो. स्क्रिप्टमधून तीस मशीनवर एकदम टाकताना तो दिसतच नाही आणि सगळी मशीनं उत्तराची वाट बघत बसतात. त्यासाठी ‘नीडरीस्टार्ट_मोड=ए’ आणि ‘डेबियन_फ्रंटएंड=नॉनइंटरॅक्टिव्ह’ हे दोन्ही व्हेरिएबल आधी द्यायचे. सुडोच्या आधी लिहिले तर ते आतपर्यंत पोचतीलच असं नाही. ‘सुडो’ शब्दानंतर लिहा.

कॉन्फिग फाइल बदललेली असेल तर डीपीकेजी वाय, आय, एन, ओ, डी, झेड असे पर्याय विचारतो. नुसतं एंटर म्हणजे जुनी फाइल ठेवा.

आणखी दोन गोष्टी, ज्यात इन्स्टॉलेशन बिघडलेलं नसतंच. टर्मिनलवर सेव्ह करायच्या सवयीनं कंट्रोल-एस दाबलं जातं आणि अक्षरं उमटणं बंद होतं, कंट्रोल-क्यू दाबा. विंडोजच्या काळ्या खिडकीत माऊसचा एक क्लिक झाला की शीर्षकात ‘सिलेक्ट’ येतं आणि पुढच्या ओळी थांबतात, त्यासोबत प्रोग्रामही खोळंबतो. एस्केप दाबलं की सुटतो. लॅबमध्ये मुलांच्या निम्म्या हाका याच दोन कारणांसाठी असतात, त्यामुळे पहिल्या तासालाच हे सांगून टाकावं.

नेटवर्क आणि फायबर जोडणी, जुळे सोलापूर

शून्य टक्क्यावर "कनेक्टिंग टू" असं दिसत राहिलं तर पॅकेजमध्ये दोष शोधू नका. आयपीव्ही६चा (इंटरनेटच्या नव्या पद्धतीचा) पत्ता मिळतो, पण पुढे रस्ता नसतो, हे नेहमीचं. ‘कर्ल -४’ आणि ‘कर्ल -६’ त्याच पत्त्यावर चालवून बघा. चारवर उत्तर आलं आणि सहावर नाही, तर एपीटीला (उबुंटूत पॅकेजं उतरवणाऱ्या कमांडला) ‘-ओ अ‍ॅक्वायर::फोर्सआयपीव्ही४=ट्रू’ द्या.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. नाव सापडतं, जोडणी होते, पिंग चालतो, आणि डाउनलोड पहिल्या काही केबीनंतर मरतं. हा एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा दोष. फायबरवर पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डनं होणारी जोडणी) असेल तर त्याच्या हेडरला ८ बाइट जातात आणि १५०० ऐवजी १४९२ उरतात. "पॅकेट मोठं आहे, तुकडे कर" असा परतीचा निरोप वाटेतल्या फायरवॉलनं अडवला तर मोठी पॅकेटं गुपचूप हरवतात, छोटी जात राहतात. म्हणून वेबपेज अर्धवट उघडतं आणि इन्स्टॉलर लटकतो. विंडोजवर ‘पिंग -एफ -एल १४६४’ आणि पुढे पत्ता. १४६४ मध्ये हेडरचे २८ मिळवले की १४९२ होतात. हे जात नसेल तर आकडा १० - १० नं कमी करत न्या, जिथे उत्तर येईल त्यात २८ मिळवा आणि तो आकडा राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये एमटीयू म्हणून भरा. राउटरला हात लावता येत नसेल तर त्या एका मशीनवर १४०० ठेवून काम निभावतं.

मोबाइल हॉटस्पॉटवर हे करून बघणं ही सगळ्यात जलद परीक्षा. हॉटस्पॉटवर चाललं तर दोष राउटर किंवा जोडणीत आहे. फक्त विंडोजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू नाही ना, ते बघा. चालू असेल तर विंडोज अपडेट बरंच काही उतरवतच नाही.

पायथन आणि आर, संख्याशास्त्र विभागाचं काम

पायथनची पॅकेजं बसवणारा पिप "बिल्डिंग व्हील"वर उभा राहिला तर तो बहुधा सी किंवा सी++ चा कोड कंपाइल करतोय. ‘-व्ही’ लावून चालवा, म्हणजे कंपायलरच्या ओळी दिसतात. पण मुळात कंपाइल करायची वेळ का आली? जुना पिप नव्या व्हीलची (आधीच कंपाइल करून ठेवलेल्या पॅकेजची) नावं ओळखत नाही, किंवा तुमच्या पायथन आवृत्तीसाठी व्हील अजून निघालेलंच नसतं. आधी ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप’, मग ‘--ओन्ली-बायनरी :ऑल:’ लावून बघा. मग तासभर लटकण्याऐवजी काही सेकंदांत स्पष्ट एरर मिळते, आणि पायथनची एक आवृत्ती मागची घ्यायची की नाही हे ठरवता येतं.

"धिस इज टेकिंग लाँगर दॅन युज्वल" ही ओळ आली तर तो अवलंबनांचं, म्हणजे कोणत्या पॅकेजला दुसऱ्या कोणत्याची कुठली आवृत्ती लागते याचं, कोडं सोडवतोय. २०२० मध्ये आलेल्या पिप २०.३ पासूनचा रिझॉल्व्हर जमणारा संच मिळेपर्यंत एकेका पॅकेजच्या जुन्या आवृत्त्या उतरवून तपासत मागे जातो. रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये मोठ्या पॅकेजांच्या आवृत्त्या बांधून दिल्या की हे संपतं. पिपसारखंच काम करणाऱ्या कोंडावर "सॉल्व्हिंग एन्व्हायर्नमेंट" फिरत राहिलं तर कोंडा अपडेट करा, २३.१० पासून लिबमांबा हा वेगवान रिझॉल्व्हर आपोआप वापरला जातो.

एसएसएचवरून (दूरच्या मशीनच्या टर्मिनलवर) पिप काहीही न छापता थांबला तर एक कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही : तो डेस्कटॉपच्या कीरिंगकडे (पासवर्ड जपून ठेवणाऱ्या सोयीकडे) पासवर्ड मागतो आणि ती उघडायची खिडकी दूरच्या मशीनच्या पडद्यावर असते. ‘पायथन_कीरिंग_बॅकएंड=कीरिंग.बॅकएंड्स.नल.कीरिंग’ दिलं की सुटतं.

आर भाषेत मध्येच तोडलेल्या इन्स्टॉलेशनचा ‘००लॉक’नं सुरू होणारा फोल्डर लायब्ररीत राहतो आणि पुढचा प्रयत्न तिथे अडतो. दुसरं आर सत्र चालू नाही याची खात्री करून तो फोल्डर काढा. एपीटीचं कुलूप आणि हे वेगळं. इथे कुलूप म्हणजे खरोखरच तो फोल्डर असतो.

वेब डेव्हलपमेंट, सात रस्ता

जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवणाऱ्या एनपीएममध्ये ७ पासून पॅकेजच्या पोस्टइन्स्टॉल (पॅकेज बसल्यावर चालणाऱ्या) स्क्रिप्टचं आउटपुट लपवलं जातं, म्हणून काहीच चालू नसल्यासारखं वाटतं. ‘--फोरग्राउंड-स्क्रिप्ट्स’ लावा. पपेटियरसारखं पॅकेज त्या टप्प्यावर अख्खा क्रोम ब्राउझर उतरवत असतं. त्यानंतर ‘एनपीएम कॉन्फिग गेट रजिस्ट्री’ आणि ‘एनपीएम कॉन्फिग गेट प्रॉक्सी’ बघा. जुन्या ऑफिसच्या प्रॉक्सीचा पत्ता तिथे राहून गेलेला असतो.

जॅकार्ड डिझाइन, अक्कलकोट रोड एमआयडीसी

आमच्याकडे सगळं विंडोजवर, आणि चादर-टॉवेलची डिझाइन सॉफ्टवेअरं डाँगलवर (परवाना असलेल्या यूएसबी कीवर) चालतात. सेटअप ड्रायव्हरच्या टप्प्यावर थांबतो. नियम असा : डाँगल काढून ठेवायचं, ड्रायव्हर टाकायचा, मशीन रीस्टार्ट करायचं, मगच डाँगल लावायचं. डाँगलचा जुना सेंटिनेल ड्रायव्हर अर्धवट बसलेला असेल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर ‘हॅस्पडिन्स्ट -एफआर -केपी -नोएमएसजी’ देऊन पूर्ण काढा आणि ‘हॅस्पडिन्स्ट -आय’नं नवा घाला. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:१९४७ उघडलं आणि डाँगलची की दिसली तर ड्रायव्हर नीट बसला. विंडोज ११वर कोअर आयसोलेशनमधलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ जुने ड्रायव्हर चढूच देत नाही. ते बंद करण्यापेक्षा नवा ड्रायव्हर मिळवा.

जुन्या सॉफ्टवेअरला डॉटनेट ३.५ लागतं आणि ते नेटवरून येताना लटकतं. त्याच आवृत्तीच्या विंडोजचा आयएसओ माउंट करून, तो डी ड्राइव्ह झाला असं धरून : ‘डिझम /ऑनलाइन /एनेबल-फीचर /फीचरनेम:नेटएफएक्स३ /ऑल /लिमिटअ‍ॅक्सेस /सोर्स:डी:\सोर्सेस\एसएक्सएस’. आवृत्ती वेगळी असेल तर सोर्स सापडला नाही अशी एरर येते.

हार्डवेअर दुरुस्ती, अशोक चौक

वर ‘डी’ अवस्थेचं लिहिलंय, त्यात भर घालतो. ‘डीएमईएसजी’मध्ये (कर्नलच्या निरोपांच्या यादीत) आय/ओ एरर दिसली की इन्स्टॉलेशन विसरा आणि आधी डेटा दुसरीकडे घ्या. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल -ए’मध्ये १९७ क्रमांकाच्या करंट पेंडिंग सेक्टरची रॉ व्हॅल्यू शून्य नसेल तर डिस्कला वाचता न येणारी जागा आहे, तिथे ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि सगळी सिस्टिम तिच्यासाठी थांबते. १९९ क्रमांकाची रॉ व्हॅल्यू वाढत असेल तर आधी साटा केबल बदला, बऱ्याचदा डिस्क चांगली असते. विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये ७, १२९ आणि १५३ हे आयडी शोधा. ७ म्हणजे बॅड ब्लॉक, १२९ म्हणजे डिस्क रीसेट करावी लागली, १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं पुन्हा करावं लागलं.

स्वस्त एसएसडी मोठं पॅकेज लिहिताना सुरुवातीला पळते आणि तिची वेगवान कॅश भरली की एकदम मंदावते. ती निम्म्याहून जास्त भरलेली असेल तर हे लवकर होतं. तो बिघाड नव्हे, थांबा.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो. मागाच्या शेडला लागून असलेल्या खोलीत सुताचे बारीक तंतू पंख्यात आणि हीटसिंकच्या पात्यांत चटईसारखे बसतात. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःचा वेग उतरवतो आणि कंपाइलचं काम कितीतरी पट लांबतं. ‘सेन्सर्स’नं तापमान बघा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, मोकळा फिरू देऊ नका.

सर्व्हर देखभाल, होटगी रोड

किती वेळ थांबायचं, असं दोघांनी विचारलंय. घड्याळ लावून थांबण्याला अर्थ नाही. प्रोसेसर, डिस्क आणि नेटवर्क या तिन्हींचे आकडे सलग काही मिनिटं शून्याजवळ असतील, लॉगची शेवटची ओळ पुढे सरकत नसेल आणि लपलेला प्रश्नही सापडत नसेल, तरच तोडायचा विचार करा. एखादा आकडा हलत असेल तर काम चालू आहे, जुन्या डिस्कवर इन्स्टॉलेशन अर्धा तासही घेऊ शकतं.

बिलिंग आणि ऑफिस सेटअप, नवी पेठ

विंडोजच्या एमएसआय पॅकेजसाठी तीच तपासणी अशी. आधी ऑल्ट-टॅब; परवानगी विचारणारी खिडकी मागे लपलेली असते किंवा टास्कबारवर लुकलुकत असते. एरर १६१८ आली तर दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे. विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकच काम घेतो. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये सेटअपवर राइट क्लिक करून ‘अ‍ॅनलाइझ वेट चेन’ निवडलं की तो कोणासाठी थांबलाय त्याचं नाव मिळतं. तिथे प्रिंट स्पूलर (छापायची कामं रांगेत लावणारी सर्व्हिस) दिसला तर ‘नेट स्टॉप स्पूलर’, सिस्टिम३२\स्पूल\प्रिंटर्समधल्या फाइल काढा, ‘नेट स्टार्ट स्पूलर’. अडकलेलं जुनं बिल निघून जातं आणि ड्रायव्हर बसतो.

एवढ्यानं नाही कळलं तर पुन्हा चालवताना ‘एमएसआयएक्झेक /आय’, फाइलचं नाव, ‘/एल*व्ही’ आणि त्यापुढे लॉगच्या फाइलचं नाव देऊन लॉग घ्या. लॉगमध्ये ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा, खरी एरर त्याच्या वरच्या काही ओळींत असते. ती ओळ नसेल तर लॉग ज्या अ‍ॅक्शनच्या नावावर संपतो, त्याच अ‍ॅक्शनपाशी इन्स्टॉलर उभा आहे. सॉफ्टवेअर देणाऱ्याला फोन करताना त्या अ‍ॅक्शनचं नाव सांगा आणि लॉगची फाइल मेलनं पाठवा.